पट्टी पास, माल पास

बातमी आली तेव्हा मी कर्जतला चष्म्याच्या दुकानात बसलो होतो. नवा नंबर काढून झाला होता, फ्रेम ठरली होती, आणि दुकानदार नेहमीच्या सवयीने विचारत होता, "काका, काचेवर कोटिंग टाकायचं का? चरे पडणार नाहीत." तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे प्रज्ञा होती, मिलिंदची मुलगी. "काका, पप्पा गेले," ती म्हणाली. "सकाळी उठलेच नाहीत." मी काहीतरी बोललो असेन, आता ते आठवत नाही. दुकानदार पेन उघडून थांबला होता, कोटिंगच्या रकान्यात हो लिहू की नाही... ज्या माणसाने प्लास्टिकवर चरे पडू नयेत म्हणून आयुष्यातली इतकी वर्षं उभ्याने काढली, तो गेल्याचं कळल्यावर मला पहिलं उत्तर द्यायचं होतं ते या प्रश्नाचं. फ्रेम तशीच टाकून मी घरी आलो.

त्याला आता सात आठवडे झाले. या पुरवणीत मी अधूनमधून विज्ञानावर चार सोपे शब्द लिहितो, ते प्रज्ञा वाचते. तिनेच सांगितलं, पप्पांवर लिहा. मी हो म्हणालो आणि मग रोज टाळत राहिलो. गेलेल्या माणसावर लिहिणं तसं अवघड नसतं. तो कष्टाळू होता, हसतमुख होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं लिहून मोकळं होता येतं, आणि मिलिंद हे सगळं होताच. पण त्याच्यावर लिहायचं तर एक गोष्ट लिहावीच लागते, आणि ती त्याच्याइतकीच माझी आहे. अकरा वर्षं त्याच्या नावावर राहिलेली एक चूक माझी होती. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मला पळवाट राहणार नाही.

कर्जतच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. तो नदीपलीकडच्या वाडीतून चालत यायचा, मी बाजारपेठेतल्या आमच्या घरून. माझे वडील वकील, त्याचे वडील रेल्वेच्या गँगमध्ये. शाळेतल्या सगळ्या मुलांत सावकाश कोण, असं विचारलं असतं तर शिपायानेही मिलिंदचं नाव सांगितलं असतं. भूमितीची आकृती काढायला आम्हाला दोन मिनिटं लागत, त्याला दहा. पण त्याच्या त्रिकोणाची टोकं खरोखर एकमेकांना भेटलेली असत. सर वैतागायचे आणि पूर्ण गुण द्यायचे. आमच्या घरी तो पडवीपर्यंत यायचा. आत का येत नाही, हे मी कधी विचारलं नाही आणि त्याने कधी सांगितलं नाही. विचारण्यासारखं त्यात काही आहे हेच मला त्या वयात कळत नव्हतं, आणि कळायला लागल्यावरही मी विचारलं नाही. पुढे मी मुंबईला एमएस्सी केलं, तो आयटीआय करून कामाला लागला, आणि बऱ्याच वर्षांनी एका सकाळी आम्ही एकाच कारखान्याच्या गेटवर समोरासमोर आलो. मी तपासणी विभागाचा अधिकारी, तो माल लेपात बुडवून वर काढणाऱ्या लिफ्टवरचा ऑपरेटर. "या साहेब," म्हणत त्याने मला कोपरापासून नमस्कार केला आणि मग खो खो हसत सुटला. "अरं अवि, तू हितं कुटं रं?"

कारखाना खालापूर तालुक्यातला, खोपोलीच्या अलीकडचा. पत्र्याची एक लांब शेड आणि मागे घाटाचा डोंगर. आम्ही हेल्मेटच्या काचा आणि ग्राइंडर चालवणाऱ्या कामगारांच्या तोंडावरच्या शिल्ड बनवायचो. काच म्हणायची पद्धत, प्रत्यक्षात ते पारदर्शक प्लास्टिक. हे प्लास्टिक मोठं गमतीचं असतं. हातोडा मारा, फुटायचं नाही. पण धूळ बसलेली असताना सदऱ्याच्या टोकाने पुसा, जन्माचे चरे. काचेचं नेमकं उलट. म्हणून या प्लास्टिकवर एक पातळ थर चढवायचा, ज्याच्या अंगात थोडा काचेचा कडकपणा आहे आणि थोडी प्लास्टिकची लवचीकता. वाळूतलं जे द्रव्य काचेला काच बनवतं त्याचे अतिसूक्ष्म कण, आणि त्यांना प्लास्टिकशी घट्ट धरून ठेवणारी रसायनं, असं ते मिश्रण. पुस्तकात त्याला संकरित लेप म्हणतील. शेडमध्ये सगळे त्याला रस म्हणायचे. रस कालवला की लगेच वापरायचा नाही, दिवसभर मुरू द्यायचा. आधी वापरला तर धरत नाही, फार ठेवला तर खरवसासारखा थिजतो. मग काचा दांडीला टांगून त्यात बुडवायच्या आणि लिफ्टने हळूहळू वर घ्यायच्या. जितक्या वेगाने वर घ्याल तितका रस जास्त चिकटून येतो, थर जाड होतो. जाड थराला चरा पडत नाही, हे खरं. पण जाड थर ठिसूळ असतो. त्याच्यावर जोराचा घाव बसला की तो तडकतो आणि तो तडा खालच्या प्लास्टिकलाही आपल्याबरोबर घेऊन जातो. एरवी हातोड्याला दाद न देणारं प्लास्टिक मग फुटतं. आमच्या धंद्याची सगळी मेख इथे होती.

ही मेख मी पुस्तकातून शिकलो होतो, मिलिंद हाताने. काच रसातून वर आली की तिच्या खालच्या कोपऱ्यात एक थेंब जमतो, आणि तिथे थर आपोआप जाड होतो. मिलिंद टीपकागदाचा तुकडा त्या कोपऱ्याला अलगद टेकवायचा. थेंब कागदात जायचा. एका दांडीवर चोवीस काचा, चोवीस वेळा कागद. हे कुठल्याही लेखी पद्धतीत नव्हतं, आणि पद्धत लिहिणारा मीच होतो. मी दाराशी उभा राहून मनगटावरचं घड्याळ दाखवायचो. "तू घड्याळ बघ, मी काच बघतो," तो मान न वळवता म्हणायचा. "दोगांचं काम येगळं हाय."

माझं काम होतं पट्टी बघण्याचं. प्रत्येक दांडीवर काचांच्या शेजारी त्याच प्लास्टिकची एक सपाट पट्टी टांगलेली असायची. विकायचा माल खरवडून बघता येत नाही, म्हणून परीक्षा त्या पट्टीची. तारेच्या घासणीने ती घासायची, ब्लेडने बारीक चौकडी पाडून त्यावर सेलोटेप लावून ओढायची, मधोमध वजन सोडून बघायचं. एवढ्यातून पट्टी सुटली की मी सही करायचो आणि माल टेंपोत चढायचा. पट्टी पास, माल पास. शेडमध्ये ती म्हणच होऊन बसली होती, पोरं डबा उघडतानाही म्हणायची. मिलिंदला मात्र ती कधी रुचली नाही. "पट्टी सपाट हाय रं," तो सांगायचा. "तिच्यावरनं रस सरळ उतरतो. काच वाकडी, तिचा थेंब कोपऱ्यात बसतो. तू परीक्षा घेतोस पट्टीची, आन् लोकांच्या तोंडावर जाते काच." मी त्याला समजावल्यासारखं हसायचो. शास्त्रात असं नजरेने चालत नाही, वगैरे. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, आणि माझा उंट चांगलाच उंच होता.

दिवाळीच्या आधीचे दिवस होते. शिल्डची मागणी वाढली होती, आणि त्यातच एका गिऱ्हाइकाची तक्रार आली की महिन्याभरात शिल्डवर चरे दिसतात. मला एका दगडात दोन पक्षी दिसले. लिफ्टचा वेग वाढवला तर माल लवकर निघेल, आणि थर जाड होऊन चऱ्यांची तक्रारही मिटेल. चहाच्या सुट्टीत मी शेडमध्ये गेलो आणि मिलिंदला म्हटलं, "वेग दीडपट कर."

"लिहून दे," तो म्हणाला. आणि मग माझ्याकडे बघून स्वतःच हसला. "ऱ्हाऊ दे. तुज्याकडनं काय लिहून घ्यायचं... पन मग कागद लावायला टायम नाय मिळणार."

"नको लावू. पट्टी आहे ना."

त्याने दोन दांड्या तशा काढल्या आणि एक शिल्ड हातात घेऊन माझ्या टेबलाशी आला. खिडकीच्या उजेडात धरून खालचा कोपरा दाखवला. तिथे मेणबत्तीच्या ओघळासारखी जाड कड होती. मला ती स्वच्छ दिसली, हे मी इथे मुद्दाम लिहितो. उत्तरादाखल मी त्याला पट्टी दाखवली. तिच्यावर शंभर घासण्यांनंतरही एक चरा नव्हता. तो शिल्ड घेऊन परत गेला. मी सही केली.

दोन महिन्यांनी रसायनीकडच्या एका वर्कशॉपमध्ये चालू ग्राइंडरचं चाक फुटलं. तुकडा उडून दत्ता नावाच्या फिटरच्या शिल्डला खालच्या कोपऱ्यात लागला. शिल्डला फार तर खाच पडायला हवी होती. ती फुटली, आणि तिचाच एक टोकदार तुकडा दत्ताच्या डाव्या डोळ्यात गेला. दत्ता तेव्हा पस्तिशीचा होता, दोन लहान मुलींचा बाप. त्याचा तो डोळा गेला.

आमच्या ऑफिसात चौकशी बसली. टेबलापलीकडे मालकांच्या बाजूचे तिघे, अलीकडे मी आणि मिलिंद. लेखी वेग आणि वापरलेला वेग यांत फरक निघाला होता, कारण मिलिंदने रोजच्या वहीत वेग खरा लिहिला होता. खोटं लिहायची त्याला सवयच नव्हती. "वेग कोणी वाढवला?" त्यांनी विचारलं. "मी वाढवला," मिलिंद म्हणाला. ते खरंच होतं, बटण त्याने फिरवलं होतं. "कोणाच्या सांगण्यावरून?" यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, भीतीही नव्हती. एसटीत आपण सरकून शेजारच्याला जागा करून देतो, तसं काहीतरी होतं. तू बोल, तुझी पाळी. मग त्यातल्या एकाने माझ्याकडे वळून अगदी आदराने विचारलं, "साहेब, तुम्ही काही तोंडी सूचना दिली होती का?"

मी म्हणालो, "मला तसं काही आठवत नाही."

नोकरी जाईल, नाव जाईल, घरच्यांचं कसं होईल, अशी कारणं मी नंतर पुष्कळ गोळा केली. त्या क्षणी एकच कारण होतं, मी भ्यालो. मिलिंदने नजर खाली केली आणि शेवटपर्यंत वर केली नाही. त्या तिघांना माझं म्हणणं पटायला वेळ लागला नाही. एकीकडे कर्जतच्या वकिलांचा एमएस्सी झालेला मुलगा, दुसरीकडे लिफ्टवरचा माणूस, आणि त्या माणसाचं आडनाव. घाई त्यानेच केली असणार, हे त्यांना इतकं सरळ वाटलं की पुढे कोणी काही विचारलंच नाही. आणि त्यांना ते सरळ वाटणं माझ्या सोयीचं होतं, हे मला तिथे बसल्या बसल्या कळत होतं. अशा रीतीने आमच्या शेडमधला सगळ्यात सावकाश माणूस घाई केली म्हणून कामावरून गेला. मी त्याला गेटवर गाठलं. "मिलिंद, ऐक ना..." एवढंच मला म्हणता आलं.

"ऱ्हाऊ द्या, साहेब," तो म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

त्यानंतर तो मोहोपाड्याला राहायला गेला, रसायनीत कंत्राटावर काम करायला लागला. आमचं बोलणं तुटलं नाही, आणि हेच मला जास्त जड गेलं. भांडला असता तर मी निदान स्वतःची बाजू तरी मांडली असती. जयंतीच्या दिवशी तो मला घरी बोलवायचा, मी जायचो. सुजातावहिनी खीर वाढायच्या, तो माझ्या रक्तदाबाची चौकशी करायचा. लोकांदेखत साहेब, एकटे असलो तरी साहेब. त्या दुपारचा विषय त्याने अकरा वर्षांत एकदाही काढला नाही. कधी मला वाटायचं, त्याने सोडून दिलं. कधी वाटायचं, तो वाट बघतोय. तो जाण्याच्या महिनाभर आधी मी असाच त्याच्याकडे गेलो होतो. निघताना तो मला रिक्षापर्यंत सोडायला आला. रिक्षावाल्याने गाडी चालू केली तरी तो दांडीला हात लावून उभा होता. "साहेब, काय बोलायचं होतं का?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "छे, काही नाही रे." त्याने मान हलवली आणि हात काढून घेतला. ती आमची शेवटची भेट.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम त्याच्या घरासमोरच्या मांडवात होता. वंदना झाली, मग एकेकजण उठून चार शब्द बोलू लागला. मागच्या रांगेतून एक माणूस पुढे आला. डावा डोळा मिटलेला. मी त्याला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या घरी जायचा धीर मला कधी झालाच नव्हता. "मी दत्ता," तो म्हणाला. "माजा हा डोळा दादांच्या हातनं गेला, असं सगळे सांगतात. दादापन तेच सांगायचे. पयल्यांदा घरी आले तवा मी शिव्या देऊन हाकललं. दुसऱ्या महिन्यात परत आले. मंग तिसऱ्या. अकरा वर्सं एक महिना चुकवला नाय. आज हितं सगळ्यांम्होरं सांगतो, माजा दादांवर राग नाय." मांडवात बायका डोळे पुसायला लागल्या. वहिनींनी मान खाली घातली. आणि लगेच पुढचं नाव पुकारलं गेलं ते माझं, दादांचे बालमित्र म्हणून. मी उठलो. मिलिंदच्या हातातली कला, त्याचा टीपकागद, त्याचा भूमितीचा त्रिकोण, असं पाच मिनिटं छान बोललो. लोकांनी माना डोलावल्या. मी खाली बसलो.

शेवटी गेल्या पंधरवड्यात मी मोहोपाड्याला गेलो. वहिनी परातीत तांदूळ निवडत होत्या, प्रज्ञा शेजारी बसली होती. मी लेखाबद्दल बोलायला आलोय असं त्यांना वाटलं. मी सगळं सांगितलं, चहाच्या सुट्टीपासून चौकशीच्या टेबलापर्यंत. वहिनींचा हात परातीत तसाच राहिला.

"मला तर म्हणाले, माजीच घाई झाली," त्या म्हणाल्या. "भाऊजी, अकरा वर्सं मी त्यांना बोलत आले. दूध उतू गेलं तरी बोलले, कप फुटला तरी बोलले. तुमच्या घाईनं एकाचा डोळा गेला, आता तरी दमानं घ्या, म्हणून. ते नुस्ते हं म्हणायचे."

"आई, पप्पांनी घाई कधी केली होती गं?" प्रज्ञा म्हणाली. "दाराला कुलूप लावायला पाच मिनिटं घ्यायचे ते."

वहिनी तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता मी कुनाला सांगू?" सांगितलं की मन हलकं होतं म्हणतात. माझं झालंही असेल थोडं, पण ते ओझं उचलून मी या बाईच्या डोक्यावर ठेवलं होतं, आणि ते उतरवून घ्यायला आता मिलिंद नव्हता. मी क्षमा मागितली. त्यांनी ती दिली नाही, नाकारलीही नाही. त्यांनी पुन्हा तांदळात हात घातला. "पेपरात मागनं लिवा," त्या म्हणाल्या. "आधी दत्ताला सांगा."

दत्ताचं चौक गावाच्या अलीकडे किराणा मालाचं लहान दुकान आहे. परवा सकाळी मी तिथे गेलो. मांडवात पाहिल्यामुळे त्याने मला ओळखलं आणि त्याला आनंद झाला. गल्ल्याच्या बाजूला भिंतीशी एक लाकडी स्टूल होतं, ते त्याने पुढे केलं. "बसा साहेब. दादा आले की हितंच बसायचे. दुसऱ्या कुनाला मी बसू देत नाय, पन तुमी त्यांचे दोस्त." मी बसलो आणि सांगायला सुरुवात केली. मधे एक बाई साखर घेऊन गेली, एक मुलगी साबण घेऊन गेली. गिऱ्हाईक गेलं की तो पुन्हा माझ्याकडे वळायचा. त्याने मला कुठेही थांबवलं नाही.

"म्हंजे वेग तुमी वाडवायला सांगितला," माझं संपल्यावर तो म्हणाला.

"हो."

"आन् दादांनी तुमचं नाव नाय घेतलं."

"नाही घेतलं."

"मग ते कशाला यायचे माज्याकडं?"

हा प्रश्न येईल असं मला वाटलंच नव्हतं. मी म्हणालो, "त्याने तो कोपरा पाहिला होता, दत्ता. पाहून माल जाऊ दिला, म्हणून येत असेल." मग जे राहिलं होतं तेही सांगितलं. "मीही पाहिला होता. मी आलो नाही."

समोरून एक टेंपो गेला, त्याची धूळ आत आली, दत्ताने बरण्यांची झाकणं लावली. मग आवाज न चढवता म्हणाला, "उठा तितनं."

मी उठलो. तो फळी उचलून बाहेर आला, खांद्यावरच्या फडक्याने स्टूल पुसलं आणि परत भिंतीशी, होतं त्या जागी, नेऊन ठेवलं.